टीव्हीच्या दोन्ही बाजूंना बाबांचे स्पीकर

बाबांचे स्पीकर डोंबिवलीहून ठाण्याला टेम्पोतून आले, तेव्हा लिफ्टमध्ये एका वेळी एकच मावला. साडेतीन फूट उंच, १० इंची वूफर, जाड प्लायची खोकी. नव्वदच्या दशकात बाबांनी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरून सुटे वूफर (खालच्या स्वरांचे), ट्वीटर (वरच्या स्वरांचे) आणि दोघांना आपापले स्वर वाटून देणारे क्रॉसओव्हर आणले आणि खोकी ओळखीच्या सुताराकडून बनवून घेतली. डोंबिवलीचं घर आवरताना ते भंगारात द्यायची माझी तयारी नव्हती.

त्या घरात हे स्पीकर टीव्हीपासून कायम चार हात लांब असायचे. मी सातवीत असताना एकदा डावा स्पीकर ओढून टीव्हीला टेकवला, तर पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा-जांभळा डाग उमटला. टीव्ही कायमचा गेला असं वाटून मी रडकुंडीला आलो. बाबांनी स्पीकर बाजूला केला, अर्धा तास टीव्ही बंद ठेवला, मग चालू केला. चालू होताना ‘ढम्म’ असा आवाज यायचा, तो आतल्या डीगॉसिंग कॉइलचा, म्हणजे साठलेलं चुंबकत्व घालवणाऱ्या वेटोळ्याचा. असं दोनतीनदा केल्यावर डाग गेला. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत चुंबकाने वळवून चित्र रंगवलेलं असतं. वूफरचं मोठं चुंबक जवळ आलं की झोत भलतीकडे वळतो आणि आतली लोखंडी जाळीही चुंबकित होते.

त्यामुळे ठाण्याला आल्यावर बाबांचं पहिलं वाक्य हेच होतं, “टीव्हीला चिकटवू नकोस, डाग पडतील.”

“बाबा, या टीव्हीत ट्यूबच नाही. एलईडीला चुंबकाने काही होत नाही.”

त्यांना ते पटेना. शेवटी त्यांच्यासमोरच स्पीकर ५५ इंची पडद्याशेजारी आणून ठेवला. दहा मिनिटं ते चित्राचे कोपरे निरखत होते. एकही डाग आला नाही, आणि माझी इथेच चूक झाली. टीव्हीला धोका नाही म्हणजे स्पीकर कुठेही चालतील, असं मी धरून चाललो. सुताराने टीव्ही युनिटच्या दोन्ही बाजूंना स्पीकरच्या मापाचे खण केले होते, त्यात ते बसवून टाकले. दिसायला फार सुरेख दिसत होतं.

ऐकायला मात्र वाईट. संवाद हंड्यातून बोलल्यासारखे, ढोलकीची थाप कुठे सुरू होते आणि कुठे संपते ते कळेना, युनिटची काच थरथरायची. या खोक्यांना बास बाहेर सोडणारं भोक पाठीमागे आहे, आणि खणात त्याच्या मागे बोटभरही जागा नव्हती. शिवाय वूफर भिंतीला टेकला की भिंत त्याचा खालचा आवाज आणखी फुगवते, कोपऱ्यात तर जास्तच. चार दिवसांनी खणांच्या फळ्या काढायला सुताराला परत बोलावलं. ते पैसे वाया गेले याचं अजून वाईट वाटतं, म्हणून सांगतो: मोठे स्पीकर असतील तर फर्निचर करण्याआधी ते मोकळ्या हॉलमध्ये महिनाभर वाजवून बघा.

फळ्या गेल्या, गुरगुर कमी झाली, पण आवाजात विचित्र पोकळपणा राहिला. गाणाऱ्याचा आवाज दोन स्पीकरच्या मधोमध यायला हवा, तो खोलीभर पसरलेला वाटायचा. मी जागा बदलत राहिलो. आठवडाभर माझी धडपड बघून बाबा घड्याळातला दीड व्होल्टचा सेल घेऊन आले. “जाळी काढ.” स्पीकरची वायर अॅम्प्लिफायरमधून सुटी करून त्यांनी तिच्या टोकांना सेल क्षणभर टेकवला, अधिक बाजू लाल टोकाला आणि उणे बाजू काळ्याला. डाव्या वूफरचा कागद, म्हणजे हलून आवाज काढणारा पडदा, बाहेर आला, उजव्याचा आत गेला. उजव्याच्या वायरी उलट जोडलेल्या होत्या. कधीतरी दुरुस्तीत राहून गेलं असणार. दोन कागद विरुद्ध दिशेने हलले की खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात आणि मधला आवाज मधे राहत नाही. वायरी सरळ केल्या आणि गाणारी व्यक्ती टीव्हीच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली. बाबा काही बोलले नाहीत, तेच गाणं पुन्हा लावायला सांगितलं.

त्यानंतर खरं मोजमाप सुरू झालं. आमचा हॉल १५ बाय १० फूट, टीव्ही १० फुटी भिंतीवर. आवाज सेकंदाला सुमारे ११२५ फूट जातो. हा वेग खोलीच्या लांबीच्या दुपटीने भागला, म्हणजे ३० ने, की ३७-३८ हर्ट्झ येतात. रुंदीच्या दुपटीने भागला की ५६. हे स्वर आमच्या हॉलमध्ये घुमणारच, आणि ते भिंतीलगत सगळ्यात जोरात ऐकू येतात. आमचा सोफा तर मागच्या भिंतीला टेकलेला. तो तीन फूट पुढे घेतला आणि घडीचं जेवणाचं टेबल त्याच्या मागे गेलं. या एका बदलाने जेवढा फरक पडला, तेवढा नवीन अॅम्प्लिफायरनेही पडला नसता.

स्पीकर रोज थोडे पुढे सरकवायचे, त्याच बातम्या आणि तोच तबला ऐकायचा, फरशीवर चिकटपट्टीने खूण करायची. पुढे आणलेले जास्त चांगले, असंही नाही. वूफरपासून मागच्या भिंतीपर्यंतच्या अंतराच्या चौपट ज्या स्वराच्या लहरीची लांबी असते, तो भिंतीवरून उलटा परत येऊन मूळ आवाज कापतो. वूफर भिंतीपासून २ फूट ९ इंचांवर असताना १०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडला, तबल्याचा डग्गा जणू गायब झाला. शेवटी खोक्याची पाठ भिंतीपासून १ फूट २ इंचांवर थांबलो.

दोन स्पीकरमधलं अंतर आईने ठरवलं म्हणायला हरकत नाही. ती डावीकडच्या दिवाणावर बसते. आधी दोन ट्वीटरमध्ये ६ फूट होते, तेव्हा तिला पडद्याची डावी कड दिसत नव्हती. “अरे, बातम्यांची अर्धी पट्टी खोक्यामागे जाते,” असं ती दोन दिवस म्हणत होती. मी अंतर साडेसात फूट केलं आणि तिला पूर्ण पडदा दिसू लागला. शिवाय सोफ्यावरून प्रत्येक स्पीकर मध्यरेषेपासून सुमारे २२ अंशांवर आला. डॉल्बीच्या मांडणीत पुढच्या स्पीकरसाठी २२ ते ३० अंश सांगितलेले आहेत. बाजूच्या भिंतीपासून मात्र जेमतेम ८ इंच उरले. म्हणून दोन्ही खोकी थोडी आत वळवली, ट्वीटरची रेष बसणाऱ्याच्या खांद्याबाहेरून जाईल इतकी.

जवळच्या भिंतीवरून आवाज कुठे आपटतो ते शोधायला बायकोने भिंतीवरून आरसा सरकवत नेला. सोफ्यावरून आरशात जिथे ट्वीटर दिसला, ती जागा. उजवीकडे तिथे काचेची सरकती खिडकी होती, तिला जाड पडदा लावला. डावीकडे आधी आजीची गोधडी टांगून बघितली. संवाद लगेच स्पष्ट झाले, त्यामुळे आता तिथे पुस्तकांचं कपाट आहे.

खालच्या मजल्यावरच्या काकूंनी एकदा बोलावून सांगितलं की त्यांच्या छतातून धडधड येते. प्रत्येक स्पीकरखाली कडप्पाची फरशी आणि तिच्याखाली जाड रबराचे तुकडे ठेवले. रात्री दहानंतर बास कमी करतो. त्यानंतर त्या एकदा गणपतीत आमच्याकडे आरती ऐकायला बसल्या होत्या.

मधला वेगळा स्पीकर अजून घेतलेला नाही. सोफ्यावर मधोमध बसलं की त्याची उणीव जाणवत नाही, पण दिवाणावरून आईला सगळे संवाद डाव्या खोक्यातूनच येतात. तिच्यासाठी तो दिवाळीनंतर घ्यायचा आहे, पडद्याखाली, तोंड थोडं वर करून.

फरशीवरच्या चिकटपट्टीच्या खुणा तशाच ठेवल्या आहेत. शनिवारी झाडलोट झाली की बाबा स्वतः स्पीकर खुणेवर परत आणतात, टेपने दोन्हीकडचं अंतर मोजतात, आणि मगच टीव्ही लावू देतात.