साथसंगतीचा रकाना

ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायात इतकी वर्षे काढल्यावर माझा एक समज पक्का झाला होता: बंद खोली, पूर्ण शांतता आणि वाद्यासमोर नेमक्या अंतरावर लावलेला माईक, एवढे जमले की वाद्याचा खरा आवाज हाती लागतो. लोकवाद्यांच्या दस्तऐवजीकरणाच्या एका प्रकल्पासाठी पालघर जिल्ह्यातील जव्हार तालुक्यातल्या एका वारली पाड्यावर तारपा हे फुंकून वाजवायचे वाद्य मुद्रित करायला गेलो, तोपर्यंत या समजाला धक्का लागला नव्हता.

आम्हाला खरे तर मे महिन्यातच जायचे होते. अनुदान हाती आले होते, रस्ते कोरडे होते. तारपकरी बाबांनी मात्र फोनवरच नम्रपणे नकार दिला. भात तयार होऊ लागले की तारपा बाहेर काढायचा आणि दिवाळी आटोपली की ठेवून द्यायचा, असा त्यांच्या घरचा नेम होता. शहरातल्या कार्यक्रमांना बोलावले तर ते एरवीही वाजवत असत. पण पाड्यावर, देवाच्या आणि नव्या धान्याच्या समोर, अवेळी वाजवणार नव्हते. वारली माणसाला धान्य म्हणजे कणसरी माता, आणि तारप्याचा नाच तिच्या घरी येण्याशी बांधलेला. आमच्या कार्यालयाला हे कारण पटवून देताना मलाच जास्त बोलावे लागले.

ऑक्टोबरमध्ये गेलो तेव्हा हळव्या भाताची कापणी झाली होती. बाबांनी तारपा दाखवला. वाळवून पोकळ केलेला दुधी भोपळा, त्यात बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, नळ्यांत बांबूच्याच पातळ जिभळ्या, पुढे ताडाच्या पानांचा गुंडाळून केलेला लांब कर्णा, आणि हे सारे सांधायला मधमाशांचे मेण. आम्ही शाळेची रिकामी खोली मागून घेतली, खिडक्यांना घोंगड्या लावल्या आणि चित्रीकरणासाठी दोन मोठे दिवेही पेटवले. अर्ध्या तासात खोली इतकी तापली की भोपळ्याच्या सांध्यावरचे मेण मऊ पडले आणि फट राहून हवा फुसफुसू लागली. बाबांनी काही न बोलता वाद्य बाहेर नेले, सावलीत थंड केले आणि अंगठ्याने मेण पुन्हा दाबून बसवले. दिवे अर्थातच विझवले गेले.

त्यानंतरचा त्रास वेगळाच होता. तारपा वाजवणारा माणूस गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे स्वर कुठेही तुटत नाही; पण तो एका जागी उभा राहत नाही. बाबा कमरेत वाकत, डावीकडे वळत, कर्णा जमिनीच्या जवळ नेत, आणि माझ्या यंत्रावरची पातळी कधी टोकाला जाई, तर कधी पार खाली बसे. मी त्यांना स्थिर उभे राहण्याची विनंती केली. ते राहिले, मात्र दोन-तीन मिनिटांत वादन आपोआप थांबले. पुन्हा सुरू केले, पुन्हा थांबले. वयोमानाने पुढची चाल आठवत नसावी, असे मला वाटले आणि तसे मी अगदी सौम्य शब्दांत विचारलेही.

“चाल सगळी येते,” बाबा म्हणाले, “पण समोर पाय नाहीत, तर बदलू कधी?”

जेवणे झाल्यावर रात्री पाड्याच्या मधल्या अंगणात नाच उभा राहिला. मधोमध बाबा, आणि एकमेकांच्या कमरेमागून हात गुंफलेली बाया-माणसांची साखळी. तिच्या टोकाला घुंगरे बांधलेली काठी जमिनीवर आपटणारा एक तरुण. कुठेही ढोल नव्हता. ताल होता तो काठीचा आणि उघड्या पावलांचा. बाबा पावलांकडे बघत, ती पुरेशी रंगली की चाल बदलत, आणि चाल बदलली की साखळी क्षणभर अडखळून नव्या पदन्यासात शिरे. माझा माईक अंगणाच्या कडेला उभा होता. बाबांची पाठ वळली की त्याला फारसे काही ऐकू येत नव्हते.

तेव्हा साखळीतल्या एका मावशींनी मला हात धरून आत ओढले. छोटा रेकॉर्डर मी छातीवर पट्ट्याने बांधला होता, तो तसाच राहिला. पहिल्या फेऱ्यात माझे पाय चुकत होते, म्हणून मी त्या तरुणाच्या काठीकडे वळून बघितले, तर मावशींनी खांद्याला धरून मला सरळ केले: तारप्याकडे पाठ करायची नाही.

हा नियम मी वाचला होता आणि देवाच्या आदराची बाब म्हणून वहीत टिपलाही होता. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांना 2011 साली पद्मश्री मिळाल्यावर वारली चित्रे जगभर अधिकच पोहोचली आणि त्यातली तारप्याभोवतीची वेटोळी साखळी तर आता पिशव्या-कपांवरही दिसते. माझ्या मनात नाच होता तो त्या चित्रातला, वरून पाहिलेला. आत शिरल्यावर मात्र कळले की कर्णा वळेल तिकडे साखळी वळते आणि प्रत्येकाची छाती वादकाकडेच राहते. रंगमंचावर हे जमत नाही. तिथे पाहुण्यांना चेहरे दिसावेत म्हणून वर्तुळ फोडून अर्धवर्तुळ करतात आणि वादकाला एका कडेला उभे करतात. तसले कार्यक्रम मी स्वतः मुद्रित केले आहेत, आणि ते चांगले झाले असेही तेव्हा म्हटले आहे.

मुक्कामावर येऊन मध्यरात्रीनंतर ते मुद्रण ऐकले. दिवसभर जी पातळी माझ्या हाती लागली नव्हती, ती छातीवरच्या त्या साध्या यंत्रात जवळजवळ एकसारखी उतरली होती, कारण साखळीने मला तारप्यापासून फार दूर जाऊ दिले नव्हते आणि पाठही फिरवू दिली नव्हती. खाली सलग पावले होती. त्यांतली चुकणारी माझी.

कार्यालयाच्या नोंदपत्रकात वादक, वाद्य, कालावधी आणि साथसंगत असे रकाने होते. शेवटच्या रकान्यात मी ‘पावले व घुंगुरकाठी’ असे लिहिले. आठवड्याभराने विचारणा आली की मुद्रणात पायांचा आवाज बराच आहे, तो काढून टाकता येईल का. मी नोंदपत्रकाची प्रत पुन्हा जोडली, साथसंगतीच्या रकान्याखाली रेघ ओढली आणि पाठवून दिली.