कारखान्याला जायच्या आधी

"मॅडम, मला काय व्हायलंय म्हणून गोळी खाऊ?"

आमचं प्राथमिक आरोग्य केंद्र बीड जिल्ह्यातलं. दसरा-दिवाळीच्या मधे इथं गर्दी ठरलेलीच. ऊसतोडीला निघायच्या आधी माणसं सहा महिन्यांची दुखणी एकदाच उरकायला येतात. ही मावशी, वय 52, गुडघ्यासाठी आली होती. पट्टा बांधला तर बीपी 168/102. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं, 166/100.

गोळी लगेच लिहिली नाही. मेडिकलवरून आणलेली डायक्लोफेनॅक ती रोज रात्री घ्यायची. त्या गोळीनंही बीपी वाढू शकतं, किडनीवरही ताण येतो. ती बंद करायला सांगून, रक्त-लघवी तपासून आठवड्यानं बोलावलं. मावशीनं दुखणं सोसून शब्द पाळला. किडनी ठीक होती, साखर ठीक होती, बीपी मात्र 158/98.

आता गोळी सुरू करू म्हटलं, तर वरचा प्रश्न. मला वाटलं, 'एकदा धरली की जन्मभर' ही नेहमीची भीती असेल. मावशीनं कनवटीची पिशवी सोडली आणि चुरगळलेलं रिकामं पाकीट माझ्यापुढं ठेवलं. मागच्या मार्चात फडावर, ऊस तोडताना, डोकं दुखलं म्हणून शेजारणीची बीपीची गोळी खाल्ली होती. दुसऱ्या दिवशी उन्हात गरगरलं, हातात कोयता, बांधावर बसून राहिली. मुकादमानं खाडा लावला, म्हणजे गैरहजेरीचे पैसे कापले.

पाकीट वाचलं. त्यात लघवी वाढवणारं औषध होतं. उन्हात घाम, वरून ही गोळी, पाणी कमी. चक्कर येणारच. हे भीतीपोटीचं खूळ म्हणून मी कसं झटकू? कोयता हातात असताना येणारी चक्कर ही तिच्यासाठी लकव्याइतकीच खरी होती.

लकवा तिनं पाहिलेला होता. आईचं तीन वर्षं अंथरुणातच सगळं केलं होतं. म्हणून दोन्ही बाजू उघड सांगितल्या. "ॲम्लोडिपिन देते, 5 मिलिग्रॅम. हिनं लघवी वाढत नाही. पाय सुजू शकतात, सुरुवातीला डोकं दुखेल, क्वचित गरगरेलही. वरचं बीपी दहानं उतरलं तर लकव्याचा धोका साधारण पावपट कमी होतो. होणारच नाही, असं मी म्हणत नाही."

"पावच?" ती म्हणाली.

"पावच."

मिठाचंही बोलले. पण फडावर भाकरी-ठेच्याशिवाय असतं काय, हे मलाही माहीत आहे.

ती बराच वेळ बसून राहिली. मग म्हणाली, "जायला वीस दिस हायत. इथंच खाऊन बघते. गरगरलं तर घरीच गरगरू दे." इतका शहाणा हिशेब मला सुचला नव्हता.

निघायच्या आदल्या दिवशी बीपी 142/88. चक्कर एकदाही नाही. घोट्यावर अंगठा दाबला तर बारीक खळगा पडत होता. "संध्याकाळी चप्पल घट्ट होती," म्हणाली, "पर चालतंय." साठ्यातून साठच गोळ्या देता आल्या. पुढच्यासाठी कार्डावर औषधाचं नाव मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

डिसेंबरअखेर तिच्या नवऱ्याचा फोन आला. खाडा एकही नाही. गोळ्या मात्र बाराच उरल्यात, आणि फडापासून सरकारी दवाखाना नऊ किलोमीटर. फोन ठेवून मी तिथल्या सिस्टरचा नंबर शोधायला लागले.