हात बिघडण्याआधी कागद बिघडतो

जलरंगात काम करणाऱ्याला हा अनुभव नवा नाही. काही आठवडे प्रत्येक वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा पसरलेला थर, मनासारखा बसतो, आणि मग असा काळ येतो की साधं आभाळ उतरत नाही. कडा फाटतात, डाग पडतात, रंग मळतो. आपल्यातलं काहीतरी संपलं असं वाटायला लागतं आणि पेटी बंद होते. विदर्भातल्या खेड्यात राहून मी हे काम करते, आणि माझं ठाम मत झालं आहे की इथे अशा पडत्या काळाचं कारण बहुतेक वेळा तीन ठिकाणी सापडतं: कागदात, पाण्यात आणि हवेत. हे तिन्ही तपासून झाल्याशिवाय स्वतःच्या हाताला दोष देऊ नये.

हवेचं आधी सांगते, कारण सगळ्यात जास्त फसवते ती हवा. ओल्या वॉशच्या तीन अवस्था असतात. पहिली, कागदावर पाणी चकाकतं. दुसरी, चकाकी उतरून फक्त मंद तकाकी उरते. तिसरी, कागद मॅट दिसतो, पण आतून गार असतो. मऊ कडा हवी असेल तर दुसऱ्या अवस्थेत आणि कागदापेक्षा कोरड्या ब्रशने शिरायचं. ब्रशमध्ये कागदापेक्षा जास्त पाणी असेल तर ते आधीचा रंग बाजूला ढकलतं आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. आता मे महिन्यात पारा ४४-४५ च्या पुढे असताना ही दुसरी अवस्था जेमतेम काही सेकंद टिकते, आणि श्रावणात तीच बराच वेळ रेंगाळते. हाताला मात्र एका ऋतूची वेळ पाठ झालेली असते. त्यामुळे दर जूनमध्ये आणि दर ऑक्टोबरमध्ये, हवा पालटली की, चांगल्या चांगल्यांची चित्रं बिघडतात. यावर उपाय एकच: ऋतू बदलला की मोठं चित्र हाती घ्यायचं नाही. पोस्टकार्डाएवढ्या तुकड्यांवर नुसते वॉश टाकायचे आणि चकाकी कधी उतरते ते बघत बसायचं. चार-दोन बैठकांत हात नव्या वेळेला लागतो.

उन्हाळ्यातलं काम पहाटे, उजाडल्यापासून ऊन चढेपर्यंतच. त्यानंतर वावरात, धुऱ्यावर बसून वॉश टाकणं व्यर्थ आहे. ब्रश उजव्या कडेला पोचेपर्यंत डावी कडा वाळून रेघ झालेली असते. घरात काम करायचं तर कागदाला खालून पाणी द्यावं. ३०० जीएसएमचा (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन म्हणजे जीएसएम) कॉटन कागद दहा-पंधरा मिनिटं पाण्यात भिजवायचा, निथळायचा आणि काचेवर किंवा सनमायकाच्या गुळगुळीत तुकड्यावर हवेचे फुगे काढून चिकटवायचा. मागची ओल पुढच्या बाजूला पुरत राहते. रंगाच्या पाण्यात ग्लिसरीन घालता येतं, पण एका कपाला तीन-चार थेंबच. जास्त झालं तर चित्र वाळल्यासारखं दिसतं आणि पावसाळ्यात पुन्हा चिकट होतं. त्यावर ठेवलेला कागद रंग घेऊन उठतो.

कूलर हा आपल्याकडचा खास प्रश्न. खोलीत ओलावा येतो हे चांगलं, पण झोत बोर्डावर आला तर कागदाची एकच बाजू आधी वाळते आणि वॉशमध्ये पट्टा दिसतो. शिवाय पॅड जुने असले की बारीक थेंब उडतात. बोर्ड झोताच्या आडोशाला घ्यावा, किंवा वॉश टाकण्यापुरता पंखा बंद करून नुसता पंप चालू ठेवावा. मास्किंग फ्लुइड तर एप्रिल-मेमध्ये वापरूच नये. पांढरी राखायची जागा झाकायला ते लावतात, आणि ते रबराचं असतं. उन्हात किंवा तापलेल्या खोलीत कागदाला असं धरतं की काढताना वरचा थर सोलून निघतो. पांढरं सोडायचं असेल तर ब्रशनेच सोडावं.

पावसाळ्यात उलट काळजी. वरून वाळलेला वॉश आतून ओला असतो. हाताची मागची बाजू कागदाला लावून बघायची. गार लागला तर थांबायचं. हेअर ड्रायर चालतो, पण फूटभर अंतरावरून आणि सतत हलवत, तोही चकाकी उतरल्यावरच, नाहीतर हवेने पाणी पळतं. पॅलेट ओलं असताना झाकण लावलं की दोन-तीन दिवसांत रंगाच्या वड्यांवर बुरशी येते. वरचा थर ओल्या फडक्याने पुसून टाकायचा, पॅलेट उघडं वाळवायचं. जे स्वतः डिंकात रंग घोटतात त्यांनी लवंगेच्या तेलाचा एखादा थेंब घालावा, बुरशीला तो जुना उतारा आहे.

आता कागद. तालुक्याच्या दुकानात एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांसाठी ठेवलेले ड्रॉइंग शीट मिळतात. ते पेन्सिल आणि पोस्टर कलरसाठी ठीक. दोन वॉशनंतर त्यांचा लगदा उठायला लागतो. नागपूरला, अमरावतीला फेरी होईल तेव्हा २२ × ३० इंचाचे ३०० जीएसएमचे पूर्ण ताव घ्यावेत आणि घरी चार भाग करावेत. ११ × १५ च्या पाव तावाला चारही बाजूंनी मास्किंग टेप पुरते. अर्ध्या तावापासून पुढे, किंवा २०० जीएसएमच्या आतला कोणताही कागद, ताणूनच घ्यावा.

ताणायला १२ एमएमचा प्लाय, कागदापेक्षा चहूबाजूंनी दोन इंच मोठा. कागद पाच-सात मिनिटं भिजवा, कोपऱ्याला धरून निथळा, बोर्डावर टाका. पाण्याने चिकटणारी तपकिरी कागदी टेप स्पंजने ओली करून निम्मी कागदावर, निम्मी प्लायवर बसवा. इथे उन्हाळ्यात गडबड होते ती अशी: टेपचा डिंक धरायच्या आधीच कोरड्या हवेने कागद आकसतो आणि टेप ओढून काढतो. म्हणून पहिला अर्धा तास कागदाच्या मधल्या भागावर ओलं सुती फडकं पसरून ठेवायचं, कडा उघड्या. कडा आधी धरतात, मग फडकं काढायचं. बोर्ड आडवाच ठेवा; उभा केला की पाणी खालच्या टेपेत उतरतं आणि ती सुटते.

कागद महागात घेऊनही पावसाळ्यात दगा देतो, त्याचं कारण सायझिंग. कागदाला जिलेटिनचा किंवा तशाच कामाचा हलका लेप असतो, तोच पाणी वर धरून ठेवतो. दमट भिंतीला टेकून राहिलेल्या तावावर बुरशी आधी हा लेप खाते. डोळ्यांना काही दिसत नाही, पण वॉश टाकला की त्यात गडद ठिपके उमटतात आणि ते पुसून जात नाहीत. हात बिघडला अशी शंका सगळ्यात जास्त इथेच येते. तपासायला कोपऱ्यावर नुसतं स्वच्छ पाणी फिरवा आणि कागद तिरपा धरून उजेडात बघा. चकाकी सारखी असेल तर कागद ठीक. मधेच मॅट बेटं दिसली तर तिथला लेप गेला. असा ताव कोरड्या ब्रशच्या कामाला आणि रंगाच्या चाचण्यांना ठेवायचा. बाकीचे ताव प्लास्टिकच्या पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या घालून, पत्र्याच्या पेटीत; पेटी भिंतीपासून सुटी आणि विटांवर उचललेली. कडुनिंबाचा वाळला पाला टाकला तर कसर कमी लागते.

हातकागदाबद्दल मला विशेष आस्था आहे. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ उभा राहिला, त्याच्या उद्योगांत हातकागद होता, आणि आपण राहतो तो सगळा मुलूखच कपाशीचा. पण बाजारातला बराचसा हातकागद लिहिण्यासाठी किंवा पत्रिकांसाठी केलेला असतो. त्यावर पाण्याचा थेंब ठेवला की लगेच जिरतो. जलरंगाला तो आपण तयार करून घ्यायचा. एक लिटर पाण्याला २५ ग्रॅम खाण्याचं जिलेटिन घ्या. आधी ते थोड्या गार पाण्यात अर्धा तास फुगू द्या, मग उरलेल्या गरम पाण्यात, पातेल्यात पातेलं ठेवून विरघळवा. उकळी येऊ देऊ नका, उकळलं की त्याची पकड जाते. कोमट असतानाच पसरट ट्रेमध्ये ताव दोन्ही बाजूंनी बुडवून काढा, दोरीवर चिमट्यांनी सावलीत वाळवा, आठवडाभर ठेवून मग वापरा. हे काम फेब्रुवारी-मार्चमध्ये उरकावं. दमट हवेत ताव वाळायच्या आधी वास मारतो. जिलेटिनला हात लावायचा नसेल तर गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ चालते, पण तिला फार घासणं सोसत नाही.

पाण्याकडे कोणी बघत नाही. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याचा मोठा भाग, तिथलं बोअरचं पाणी रंगासाठी घेऊच नये. वॉश वाळला की गडद भागांवर पांढरट साय दिसते आणि काळोखाची खोली जाते. अल्ट्रामरीन या निळ्या रंगाची एक पट्टी बोअरच्या पाण्याने, एक आरओच्या कॅनच्या पाण्याने काढा आणि वाळल्यावर तिरप्या उजेडात धरा, फरक कळेल. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर कुठेही मिळतं, कोरड्या वड्या भिजवायला तेच बरं. पावसाळ्यात गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची आपली पद्धत आहे. ते पाणी चित्राला वापरू नका. तुरटी आम्लधर्मी असते, अल्ट्रामरीनला आम्ल सोसत नाही आणि कागदही पुढे पिवळा पडतो.

हे तिन्ही ठीक असूनही चित्र बसत नसेल, तर विषयाकडे बघावं. आपल्या भागातले दोन विषय हमखास अडवतात. एक पळस. निळं आभाळ आधी रंगवून त्यावर केशरी टाकला की तो मळकट तपकिरी होतो, कारण निळा आणि केशरी एकमेकांना मारतात. फुलांचे झुबके आभाळ टाकतानाच कोरे सोडायचे, कडा कोरड्या ब्रशने तुटक ठेवायच्या. तिथे आधी पातळ पिवळा, तो ओला असताना वरून शेंदरी, आणि पूर्ण वाळल्यावर देठाकडच्या मखमली काळसर भागाचे मोजकेच ठिपके. सगळी फुलं काढायला गेलं की झाड मरतं. कुठे गरज पडली तर घट्ट कॅडमियम ऑरेंज वरून लावायला हरकत नाही. अपारदर्शक रंग आला की जलरंग बाटला असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. नागपूरच्या कलाशाळेत शिकलेल्या सय्यद हैदर रझांनीही सुरुवातीच्या काळात जलरंग आणि गुआश, म्हणजे अपारदर्शक जलरंग, दोन्ही वापरले.

दुसरा विषय काळी माती. ट्यूबमधला काळा रंग लावला की वावर डांबरासारखं दिसतं. अल्ट्रामरीन दोन भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक भाग, सायीइतका दाट, आणि पॅलेटवर पूर्ण न मिसळता कागदावरच मिसळू द्यायचा. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि ढेकळांचा पोत आपोआप येतो. उन्हाळ्यातल्या भेगाळलेल्या मातीत सिएना वाढवा, पहिल्या पावसानंतर निळा. फुटलेल्या पऱ्हाटीचा कापूस मात्र कोऱ्या कागदाचाच. पांढरा रंग लावलेला कापूस खडूसारखा दिसतो.

आणि खरोखरच हात अडला असेल, तर? तेव्हा मी रंग कमी करते. एकटा बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), पाच बाय सात इंच, फक्त तीन छटा: कोरा कागद, मधली, गडद. कोठा, कवेलूंचं छप्पर, पांदणीतली बैलगाडी, रोजचं काहीही. रंगाचा विचार निघून गेला की चूक कुठे होत होती ते उघडं पडतं, आणि ती बहुधा मधल्या छटेत असते. आपण सगळंच मध्यम करून ठेवलेलं असतं. बिघडलेलं चित्र त्या दिवशी फाडू नये. ताणलेल्या कॉटन कागदावरचं चित्र मऊ स्पंजने, नळाखाली तिरपं धरून धुता येतं. यलो ऑकर, सिएना, अल्ट्रामरीन बऱ्यापैकी उठतात. थॅलो ब्लू आणि अलिझरिन हा लाल रंग कागद रंगवून ठेवतात, ते निघत नाहीत. धुतल्यावर उरलेल्या फिकट सावलीवर पुन्हा काम होतं. तेही नको असेल तर पुठ्ठ्याचे दोन काटकोनी तुकडे चित्रावर सरकवून बघा, पाव तावात बरेचदा वीतभर चांगलं चित्र लपलेलं असतं.

चांगला काळ आला, चित्रं विकली जायला लागली, की एक जबाबदारी येते: रंग टिकला पाहिजे. यासाठी आपलं ऊन कामी येतं. प्रत्येक नव्या ट्यूबची पट्टी काढा, निम्मी काळ्या कागदाने झाका आणि एप्रिल-मे दोन महिने थेट ऊन येणाऱ्या खिडकीत लावून ठेवा. अलिझरिन आणि विद्यार्थी प्रतीचे गुलाबी-जांभळे रंग उडालेले दिसतील. असे रंग सरावाला ठेवा, विकायच्या चित्रात नकोत. फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये. मधे किमान दोन मिलिमीटरचा अॅसिड-फ्री माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवा, नाहीतर पावसाळ्यातला ओलावा काचेवर धरून रंग तिलाच चिकटतो. मागची बाजू टेपने पूर्ण बंद करा, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना बुचाचे तुकडे लावा, म्हणजे फ्रेम ओल्या भिंतीपासून सुटी राहते आणि मागून हवा खेळते.