आमची वाटचाल : कुलरच्या पत्र्यापासून हवेच्या मोजमापापर्यंत

सांगलीच्या गावभागात वडिलांचं पत्रेकामाचं दुकान होतं. पन्हळी, धान्याच्या कोठ्या, लग्नसराईत ट्रंका. त्याच दुकानाच्या अर्ध्या भागात २००३ मध्ये मी उन्हाळी कुलर बनवायला घेतले. २००५ च्या पुरात पत्र्याचे गठ्ठे गंजून गेले, पण हात थांबला नाही. पुढे बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजची डक्टिंगची, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या बोगद्यांची, कामं मिळाली आणि तिथून मिरजेतल्या दवाखान्यांची. कोल्ड स्टोरेजमध्ये हवा चुकली की माल बोलतो, दवाखान्यात पेशंट. माझं खरं शिक्षण या दोन ठिकाणी झालं.

ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या पुढे गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. दुकान पुन्हा पाण्यात गेलं, तेव्हा आम्ही कुपवाड एमआयडीसीत शेड घेतली. पूर ओसरल्यावर तळमजल्याची एसी यंत्रणा असलेल्या बऱ्याच इमारतींतून फोन आले, ‘हवेला कुबट वास येतोय, काहीतरी शुद्ध करणारं बसवा.’ आम्ही डक्ट उघडले की आतलं इन्सुलेशन ओलं पिळून निघायचं. ते काढलं, हवा गार करणारी कॉइल धुतली, ड्रेन मोकळा केला की वास जायचा. वेगळं यंत्र लागायचं नाही.

कोविड आला आणि आयनायझर, म्हणजे हवेत विद्युतभारित कण सोडून ती शुद्ध करतो म्हणणारं यंत्र, विकणाऱ्यांची रीघ लागली. एका कंपनीने आम्हाला सांगली, सातारा आणि कोल्हापूर अशा तीन जिल्ह्यांची डीलरशिप देऊ केली. मार्जिन चांगलं होतं. कामं बंद होती, पगार चालू होते. मी सही करायच्या बेतात होतो.

यंत्र तसं साधं असतं. टोकदार सुया किंवा कार्बनच्या तंतूंचे ब्रश आणि त्यांवर काही हजार व्होल्टचा दाब. टोकाशी हवेचे रेणू भारित होतात, धन आणि ऋण दोन्ही. हे आयन धुळीच्या कणांना चिकटतात, कण एकमेकांना धरतात, जड होऊन खाली बसतात किंवा फिल्टरमध्ये अडकतात, असा दावा. यातलं भौतिकशास्त्र खोटं नाही. प्रश्न प्रमाणाचा आहे.

सही करण्याआधी त्यांचा चाचणी अहवाल मी रात्री घरी बसून वाचला. ‘३० मिनिटांत ९९ टक्के’ पहिल्या पानावर ठळक होतं. चाचणी कशात घेतली ते शेवटून दुसऱ्या पानावर, बारीक अक्षरात : एक घनमीटरच्या पेटीत. मुलीच्या वहीत गणित मांडलं. ३० मिनिटांत ९९ टक्के घट म्हणजे तासाला त्या पेटीच्या सुमारे नऊपट हवा साफ होते. पेटी एक घनमीटरची, म्हणजे तासाला ९ घनमीटर. आणि आम्ही ज्या सभागृहाचं काम पाहत होतो तिथला एएचयू (हवा ओढून, गाळून, गार करून डक्टमध्ये सोडणारी पेटी) तासाला १८,००० घनमीटर हवा फिरवत होता. तिथे नीट बसवलेला मर्व १३ फिल्टर (मर्व म्हणजे फिल्टर किती बारीक गाळतो त्याची श्रेणी) सगळ्यात बारीक, ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांतले निदान निम्मे पकडतो. म्हणजे ९,००० घनमीटर स्वच्छ हवा. कुठे ९ आणि कुठे ९,०००! मोठं यंत्र बसवलं, दहा बसवली, तरी हे अंतर भरत नाही. शिवाय पेटीत आयनांची दाटी असते. डक्टमध्ये ते पत्र्यावर आदळून, एकमेकांत विझून वाटेतच बरेचसे संपतात.

तरीही कागदावरच्या गणितावर निकाल द्यायचा नाही असं ठरवलं. नमुन्याचं यंत्र मागवलं, हवेतले कण मोजणारा पार्टिकल काउंटर भाड्याने आणला आणि सुट्टीच्या दिवशी त्या सभागृहात धूप जाळून चाचणी घेतली. पहिल्या आठवड्यात एकदा यंत्राविना, दुसऱ्या आठवड्यात यंत्र लावून. दुसऱ्या वेळी आकडे झपाझप उतरले. मी भारावून गेलो, कंपनीला फोनही केला. आमचे मिस्त्री मात्र फिल्टरच्या चौकटीकडे बघत उभे होते. म्हणाले, ‘दादा, हे फिल्टर तर आपण मंगळवारी नवीन घातलेत की वो!’

त्यांचं बरोबर होतं. दोन चाचण्यांमध्ये एकच गोष्ट बदलायला हवी होती, आम्ही दोन बदलल्या होत्या. तेच फिल्टर, तोच ब्लोअरचा वेग, डँपर (हवा कमी-जास्त करणारी झडप) त्याच जागी ठेवून, यंत्र फक्त चालू-बंद करत पुन्हा मोजलं, तीन-तीन वेळा. आलेख एकमेकांवर बसले. फरक जो होता तो काउंटरच्या मोजमापात एरवीही होणाऱ्या चुकीएवढाच.

पुढे कळलं की अमेरिकेतल्या इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, पोर्टलंड स्टेट आणि कोलोरॅडो स्टेट इथल्या संशोधकांनी २०२१ मध्ये असंच एक यंत्र चाचणी कक्षात आणि चालू इमारतीत तपासलं होतं. कणांमध्ये त्यांनाही नगण्य फरक दिसला. काही सेंद्रिय वायू कमी झाले, पण ॲसिटोन, इथेनॉल, टोल्युइनसारखे काही वाढले. हा मुद्दा मला धुळीपेक्षा मोठा वाटतो, कारण पार्टिकल काउंटरला वायू दिसत नाहीत. अशा यंत्रांतून निघू शकणाऱ्या, फुफ्फुसांना त्रासदायक ओझोनचंही तसंच. यूएल या अमेरिकेतल्या चाचणी संस्थेचं २९९८ प्रमाणपत्र असलेल्या यंत्राला ओझोनसाठी ५ पीपीबीची (हवेच्या अब्ज भागांत पाच भाग) मर्यादा असते, जुन्या यूएल ८६७ ची मर्यादा ५० पीपीबी. विक्रेता ‘यूएल आहे’ म्हणाला की कोणतं ते विचारायचं.

डीलरशिप आम्ही घेतली नाही. त्या वर्षी दोन मुलांना कमी करावं लागलं, ते अजून मनात आहे. पुढच्या वर्षी दोघांनाही परत बोलावलं.

त्यानंतर आमचं काम बदललं. मार्केट यार्डाजवळच्या एका इमारतीने ‘आयनायझरचं कोटेशन द्या’ म्हणून बोलावलं होतं. एएचयू उघडला. फिल्टर बऱ्यापैकी स्वच्छ, पण मागच्या कॉइलवर डाव्या कडेला वरपासून खालपर्यंत बोटभर रुंदीचा पिवळाधमक पट्टा. हळद! सांगलीत हवेत हळद असतेच. फिल्टर आणि चौकट यांच्यामध्ये अर्ध्या इंचाची फट होती. मिस्त्रींनी आत टॉर्च धरला, मी बाहेर दिवा मालवला, तर प्रकाशाची सरळ रेघ दिसली. हवा सोपी वाट धरते, त्या फटीतून मर्व १३ काय, कोणताच फिल्टर काम करत नव्हता. गॅस्केट लावली, क्लॅम्प बदलले, बाहेरच्या हवेचा गंजून अडकलेला डँपर मोकळा केला, फिल्टर वाढवल्यावर ब्लोअरवर किती दाब येतो ते मोजलं. खर्च आयनायझरच्या कोटेशनपेक्षा बराच कमी आला. महिन्याने कॉइल पाहिली, पट्ट्याच्या जागी ॲल्युमिनियमच्या पाती चकचकीत होत्या.

आज आम्ही नऊ जण आहोत. कुणी आयनायझर मागितला तर नाही म्हणत नाही. त्याच इमारतीत चालू-बंद चाचणी घेऊन आकडे समोर ठेवतो. काउंटर आता स्वतःचा आहे. या पावसाळ्याआधी मिरजेतल्या एका दवाखान्याचे चार एएचयू तपासायचे आहेत, टॉर्चचे सेल कालच बदलले.