खुली जवारी

शुक्रवारी रात्री जेवणं आटोपली की मी हेडफोन लावून सिंथ पॉपचे, म्हणजे सिंथेसायझरवर बांधलेल्या पॉपचे, नवे अल्बम ऐकत गॅलरीत बसतो. २०१५ च्या जुलैपासून जगभर नवे अल्बम शुक्रवारीच यायला लागले, हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे सिनेमासारखंच की! आणि सोमवारी उतरतात का?"

बाबा पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाचे जुने वारकरी. रमणबागेतल्या थंडीत शाल पांघरून रात्री काढलेले, आता मुकुंदनगरला जाणारे. सिंथ पॉप म्हणजे त्यांच्या लेखी कॅसिओवरचा कल्ला. "बटण दाबलं की वाजतं, त्याला गाणं कसलं म्हणायचं?" गंमत म्हणजे ज्या खोलीतून हे वाक्य येतं, तिथे रोज पहाटे साडेपाचला बटण दाबूनच तंबोरा सुरू होतो. मिरजेचा खरा तंबोरा गवसणीत, कपाटाच्या आडोशाला. रियाजाला असते ती डब्यातली पेटी. बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी १९७९ मध्ये असा इलेक्ट्रॉनिक तानपुरा काढला. ते स्वतः बासरी वाजवणारे इंजिनिअर. पण हे बोलायची सोय नाही.

मला या संगीतात आवडतं ते नेमकं काय, हे मला बाबांच्याच एका शब्दाने कळलं. सिंथेसायझरमध्ये बहुधा एक करवतीच्या दातांसारखी लहर घेतात. तिच्यात मूळ स्वराच्या पाठीवर त्याचे सगळे वरचे स्वर बसलेले असतात. फिल्टर लावला की वरचे कापले जातात आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. मग तो फिल्टर हळूहळू उघडायचा. स्वर तोच, पण त्याला आधी कड येते, मग झळाळी. आठ-दहा सेकंदांचा खेळ, आणि माझ्या हातावर काटा. एकदा बाबा खऱ्या तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली दोरा सरकवत होते. बंद जवारी, खुली जवारी असं काहीतरी पुटपुटत होते; जवारी म्हणजे तारेची ती झणझणती गुंज. दोरा केसभर सरकला आणि खर्जाच्या तारेतून कुणीही न छेडलेला गांधार बाहेर आला. मी म्हटलं, अरे, हाच तर फिल्टर!

तेव्हापासून नवा अल्बम मी रियाजासारखा ऐकतो. गाण्यांचा क्रम बदलायचा नाही, मधलं एखादं गाळायचं नाही, आणि तिसऱ्यांदा ऐकल्याखेरीज मत द्यायचं नाही. डेपेश मोड या ब्रिटिश बँडचा २०२३ चा 'मेमेंटो मोरी' पहिल्यांदा ऐकताना मला नुसती घरघर वाटली. बँडमधला अँडी फ्लेचर आदल्या वर्षी गेला, उरले दोघे, आणि अल्बमचं नाव तो जायच्या आधीच ठरलेलं. तिसऱ्या ऐकण्यात त्या घरघरीखालचा आवाज किती जपून गातोय ते कळलं. सगळेच नवे अल्बम एवढे पेलत नाहीत, हेही खरं. पुष्कळांनी १९८० सालचं ड्रम मशीन आजीच्या पैठणीसारखं काढून तसंच नेसलेलं असतं, घडीसुद्धा न मोडता.

मागच्या शुक्रवारी बाबांची झोप उडाली होती. ते गॅलरीत आले, तेव्हा मी मुद्दाम जुनं लावलं: चरणजीत सिंग, १९८२. हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये गिटार वाजवणारा हा माणूस रोलँड कंपनीची तीन इलेक्ट्रॉनिक यंत्रं घेऊन बसला आणि डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये रेकॉर्ड पुन्हा निघाली आणि परदेशातले लोक चाट पडले. हेडफोन काढून फोनच्या स्पीकरवर लावलं. बाबा कठड्याला टेकून ऐकत राहिले.

"ललत," ते म्हणाले. थोड्या वेळाने, "घाईत आहे फार. पण दोन्ही मध्यम घेतोय."

मग ते आत गेले. मला वाटलं झोपायला. तर पेटी घेऊन आले, प्लग लावला आणि तिची बारीक खुंटी फिरवत त्या षड्जाशी जुळवायला लागले.

"बंद करू नकोस रे," म्हणाले, "जरा कमी पडतोय."