केप टाऊन: गांधीलमाश्यांच्या कपाटांपुढे

केप टाऊनला आलेला माणूस आधी टेबल माउंटन गाठतो. मी डोंगराच्या पायथ्याशीच, कंपनीज गार्डनमध्ये थांबले. जहाजांना ताजी भाजी मिळावी म्हणून डचांनी १६५२ मध्ये लावलेली ही बाग. तिच्या वरच्या टोकाला इझिको साउथ आफ्रिकन म्युझियम आहे, १८२५ सालचं. लोक तिथले देवमाशांचे सांगाडे पाहायला येतात. मी आले होते परजीवी गांधीलमाश्यांसाठी.

वळचणीला पोळं करणाऱ्या गांधीलमाश्या वेगळ्या. यांची मादी दुसऱ्या किडीच्या अंड्यात किंवा अळीत आपलं अंडं घालते. पिल्लू त्या किडीला खाऊनच मोठं होतं. उसात ट्रायकोकार्ड, म्हणजे अशा माश्या आत वाढत असलेली किडींची अंडी चिकटवलेलं कार्ड, लावणाऱ्या आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको.

टाचणी टोचली तर चुरा होईल इतक्या बारीक माश्या त्रिकोणी कागदाच्या टोकाला चिकटवलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली आधी पुढच्या पंखातली एक आडवी शीर शोधायची. ती असली तर बहुधा इक्न्यूमोनिड, नसली तर बहुधा ब्रॅकोनिड; ही या माश्यांची दोन कुळं. त्यापुढचं काम फार किचकट. कीटक अभ्यासक पीटर कॅमेरॉन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथल्या कितीतरी जातींना नावं दिली, पण वर्णनं इतकी त्रोटक की मूळ नमुना पाहिल्याशिवाय खात्री होत नाही.

मेलेल्या माश्यांच्या नावांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं मला नेहमी विचारतात. त्यांना मी पिठ्या ढेकणाची, म्हणजे झाडाचा रस शोषणाऱ्या एका किडीची, गोष्ट सांगते. ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो, तो कसावा आफ्रिकेत कोट्यवधी लोकांचं रोजचं अन्न. १९७० च्या दशकात तिथे दक्षिण अमेरिकेतला एक पिठ्या ढेकूण शिरला आणि पीक उद्ध्वस्त करत सुटला. त्याचा शत्रू शोधायला शास्त्रज्ञ त्याच्या मायदेशी गेले. दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागात कसाव्यावर तसाच ढेकूण सापडला, पण त्याच्यावरच्या माश्या आफ्रिकेतल्या ढेकणावर वाढेनात. बारकाईनं तपासल्यावर कळलं, ढेकणाची ही जातच निराळी! खरी जात १९८१ मध्ये पॅराग्वेत सापडली. तिच्यावर जगणारी माशी होती ॲनागायरस लोपेझी, जिचं वर्णन १९६४ मध्येच झालं होतं. १९८१ मध्येच ती नायजेरियात सोडली आणि पुढे ती कसावा पिकवणाऱ्या बहुतेक आफ्रिकेत पसरली. २०२० मध्ये हा ढेकूण भारतात आढळला, तेव्हा बेनिनहून हीच माशी आणून २०२२ मध्ये तमिळनाडूत सोडली.

केपच्या फेनबॉस झुडपांत मॅलेझ सापळ्यांनी (तंबूसारख्या जाळ्यांनी) पकडलेले नमुने अल्कोहोलच्या बाटल्यांत असतात. एका बाटलीतल्या दोन ब्रॅकोनिड मला कॅमेरॉनच्या वर्णनाशी जुळतात असं वाटतं, पण पोटावरची नक्षी दोघींची वेगळी आहे. त्यांचे फोटो, मोजमापं घेतली आहेत. कॅमेरॉनचे बरेच मूळ नमुने लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत. पुढचा मुक्काम तिथे.