सिव्हिल लाइन्समधला समुद्र

प्रॅक्टिकल सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता, तेव्हा आमच्या भूशास्त्र विभागाच्या दारात एक काका येऊन उभे राहिले. हातात कापडी पिशवी, मागे पुतण्या आणि पुतण्याच्या मागे गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक तरुण. दगड घेऊन लोक आमच्याकडे येतच असतात. उल्का म्हणून भट्टीतला लोखंडाचा मळ येतो, डायनोसोरचं अंडं म्हणून गोल झिजलेला बेसॉल्ट येतो. बातमीदाराला सोबत घेऊन येणारे मात्र कमी, आणि ते आले की मी जरा सावध होते.

काकांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगड टेबलावर ठेवला. दोन मुठींएवढा, पांढरा. एका बाजूने काळसर करडा, हृदयाच्या आकाराचा उंचवटा बाहेर आलेला, त्यावर बारीक ठिपक्यांच्या पाच पाकळ्या. पाकळ्यांच्या खाचांत हळदकुंकू.

"सिव्हिल लाइन्सात जुना बंगला घेतला जी आम्ही. आवारात शोषखड्डा खणून राह्यलो होतो, तीन फुटांवर हा निघाला. आईनं धुऊन देवघरात ठेवला. म्हणते, शाळिग्रामासारखंच काही असंल."

आजी काही फार लांब गेल्या नव्हत्या. शाळिग्राम हाही जीवाश्मच, हिमालयातून गंडकीच्या पात्रात येणारा ज्युरासिक समुद्रातला अमोनाइट, म्हणजे गुंडाळलेल्या शंखाचा प्राणी. आणि आमच्या टेबलावर होता तो सी अर्चिन, म्हणजे समुद्राच्या तळाशी राहणारा काटेरी प्राणी. काटे गळून गेल्यावर उरतो तो हा पाच पाकळ्यांचा डबा. इंग्लंडमधल्या खेड्यांत अशा अर्चिनांना 'मेंढपाळांचा मुकुट' म्हणत आणि घरावर वीज पडू नये म्हणून खिडकीत ठेवत. हे सांगितल्यावर काकांचा चेहरा उजळला आणि कॅमेरावाला पुढे सरकला.

"म्हणजे मॅडम, नागपुरात समुद्र होता, असं लिहू ना?"

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. अर्चिन गोड्या पाण्यात राहत नाहीत, त्यांचं सगळं कूळच खाऱ्या पाण्यातलं. आणि आमच्या भागात समुद्राचा वास अगदीच नाही असंही नाही. २००९ साली छिंदवाडा जिल्ह्यातल्या झिलमिलीला, लाव्हाच्या दोन थरांमधल्या गाळात, समुद्रात तरंगणाऱ्या फोरॅमिनिफेरा या सूक्ष्मजीवांची कवचं सापडल्याचं प्रसिद्ध झालं आणि मध्य भारतात समुद्राची जीभ कुठवर आली होती यावर बराच खल झाला. पण ते सगळं सूक्ष्मदर्शकाखालचं. मुठीएवढा अर्चिन सिव्हिल लाइन्समध्ये तीन फुटांवर निघाला, तर विदर्भाचं भूशास्त्र नव्याने लिहावं लागेल.

शिवाय खड्डा कुठला, तेही पाहायला हवं. नागपूर शहर एका सांध्यावर बसलंय. पूर्वेकडे जुने नीस खडक, उत्तरेला कामठीचा वालुकाश्म आणि पश्चिमेला डेक्कन ट्रॅपचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाच्या थरांचा, बेसॉल्ट. सिव्हिल लाइन्स ट्रॅपवर आहे. तिथे तीन फुटांवर मुरूमच लागायचा. लाव्हाच्या थरांमधल्या गाळात जीवाश्म मिळतात, नागपूरच्या टाकळीचे तर प्रसिद्धच आहेत. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या दोन मिशनऱ्यांनी ते १८५० च्या दशकात गोळा करून जगापुढे आणले. पण त्यात निघतात गोड्या पाण्यातल्या गोगलगायी.

"थोडं खरवडू का?" मी विचारलं. काका घुटमळले. शेवटी फोन लावून आईलाच विचारलं. पलीकडून आजींचा आवाज मलाही स्पष्ट ऐकू आला, "खालून खरवड म्हणा, तोंड नका खराब करू." इतकी नेमकी सूचना आमचे विद्यार्थीसुद्धा देत नाहीत.

प्रॅक्टिकलला आलेल्या एमएस्सीच्या मुलांना मी दुसरं काम दिलंच नाही. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल टाकलं तर दगड फसफसणार हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यातून काही ठरत नाही, कारण आपल्या काळ्या मातीतली चुनखडीही तशीच फसफसते. म्हणून दोन परीक्षानळ्या घेतल्या. एकीत कॉलेजच्या आवारातली चुनखडी, दुसरीत काकांच्या दगडाचा भुगा. फेस बसल्यावर पहिलीच्या तळाशी तपकिरी गाळाचा जाड थर राहिला. दुसरीत जवळपास काहीच नाही, नुसतं किंचित गढूळ पाणी. चुना इतका शुद्ध म्हटल्यावर माझ्या मनात एकच नाव आलं, पण मी गप्प राहिले. मुलांनी स्वतः पाहावं.

भुग्याचा पातळ लेप काचपट्टीवर घेऊन तेल टाकून हजारपट मोठा केला आणि दोन्ही ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेचा प्रकाश जाऊ देणारे गाळणे, एकमेकांना आडवे लावले. काळ्या पार्श्वभूमीवर बारीक चकाकत्या चकत्या, प्रत्येकीत काळी फुली. ते कॉकोलिथ. समुद्राच्या पृष्ठभागाजवळ तरंगणाऱ्या एकपेशीय शैवालाच्या अंगावरची ही चुन्याची तबकं. एका मिलिमीटरच्या रेषेत शंभर-दोनशे सहज मावतील. शैवाल मेलं की ती तळाशी बसतात. उत्तर क्रिटेशियस काळात, साधारण दहा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी इतकी वर होती की आजच्या युरोपचा मोठा भाग पाण्याखाली होता, आणि आसपास जमीन थोडी असल्यामुळे नद्यांचा चिखल फारसा येतच नव्हता. हजार वर्षांत एक-दोन सेंटीमीटर अशा गतीने हा पांढरा गाळ साचत गेला आणि शेकडो मीटर जाडीचा खडूचा खडक झाला. इंग्लंडातले डोव्हरचे कडे, फ्रान्समधलं एत्रता, डेन्मार्कमधलं म्योन्स क्लिंट, जर्मनीच्या र्‍यूगेन बेटावरचा किनारा, सगळे याच खडकाचे.

अर्चिनचा काळसर भाग म्हणजे चकमक. समुद्रतळावरच्या स्पंजांच्या अंगात सिलिकाच्या सुया असतात. ती सिलिका गाळात विरघळली आणि पोकळ जागी पुन्हा घट्ट झाली. मेलेल्या अर्चिनचं कवच ही तर तयार पोकळी. हा हृदयाच्या आकाराचा अर्चिन मायक्रॅस्टर, गाळात स्वतःला पुरून घेऊन राहणारा. मार्गेटच्या आर्थर रो नावाच्या डॉक्टरांनी १८९९ मध्ये दाखवून दिलं की खडूच्या खालच्या थरांतून वर जाताना मायक्रॅस्टरच्या पाकळ्यांच्या खाचा आणि तोंडाची जागा हळूहळू बदलत जाते. दवाखाना सांभाळून केलेलं हे काम उत्क्रांतीच्या उत्तम उदाहरणांत अजून गणलं जातं. आमच्या अर्चिनचं तोंड खडूत गाडलेलं होतं, आणि ते उघडं करायची परवानगी आजींनी दिलेली नव्हती.

"झालं मग," बातमीदार म्हणाला, "समुद्रातलाच आहे. नागपुरातच निघाला. काऊन नाही लिहायचं?"

त्याचं म्हणणं अगदीच सोडून देण्यासारखं नव्हतं. खडक कोणता हे कळलं होतं. तो इथे आला कसा, हे चकमक सांगत नव्हती आणि कॉकोलिथही. वाट सापडली ती एका विद्यार्थिनीला. ती दगड उलटा करून भिंगातून बघत होती. मागच्या बाजूला पाच-सहा भोकं होती. आम्ही सगळ्यांनी ती कुदळीची समजून सोडून दिली होती.

"मॅडम, कुदळीचं भोक बाहेर रुंद आणि आत निमुळतं असतं ना? हे तर उलटं आहे."

खरंच उलटं होतं. तोंड अरुंद, आत पोट सुटलेलं, सुरईसारखं. तिने चिमट्याने एका भोकातली माती काढली आणि तळातून पातळ पांढऱ्या शिंपल्याचा तुकडा निघाला, कानशीसारख्या रेघांचा. मी खुर्चीतून उठलेच.

तो पिडॉक. खडक पोखरणारा शिंपला. लहानपणी मऊ खडूत शिरतो, कवच पुढेमागे वळवत खडक खरवडतो आणि आत वाढत जातो. वाढला की त्या अरुंद तोंडातून बाहेर पडायचा रस्ताच राहत नाही, सगळा जन्म तिथेच. फक्त नळी बाहेर काढून समुद्राचं पाणी आत घ्यायचं. वर गंमत अशी की तो अंधारात निळसर हिरवा चमकतो, आणि ती चमक बाहेरून पाहायला तिथे कुणी नसतंच. हा प्राणी आजच्या समुद्रात, ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकात राहतो. तुकडा ताजा होता, जीवाश्म नव्हे. शेजारी बार्नेकल, म्हणजे खडकाला घट्ट बसणारा कवचाचा समुद्री प्राणी, चिकटल्याचे गोल पांढरे वळेही दिसले.

म्हणजे एका दगडात दोन समुद्र होते. अर्चिनचा आठ-नऊ कोटी वर्षांपूर्वीचा आणि पिडॉकचा फार तर गेल्या काही शतकांतला. दुसरा समुद्र सिव्हिल लाइन्समध्ये नव्हता, याची खात्री द्यायला भूशास्त्रज्ञ लागत नाही. हा दगड कड्यावरून खाली पडला, किनाऱ्यावर लाटांत गोल झाला, पिडॉकांनी पोखरला आणि मग कुणीतरी उचलून आणला.

"काका, खड्ड्यात याच्यासोबत आणखी काय निघालं?"

"शिंपल्या निघाल्या होत्या जी. अन् जाड काचेची फुटकी बाटली. पोट्ट्यांनी मलब्यात टाकल्या." जुन्या बंगल्याच्या फुलवाफ्याला कुणीतरी घरच्या किनाऱ्यावरून आणलेले दगड-शिंपले लावले असावेत, हा माझा अंदाज.

संशोधनाच्या दिवसांत एका प्रशिक्षणासाठी गेले असताना ससेक्समधल्या सीफर्डला मी असे कडे पाहिलेत, म्हणून मुलांनी मला सोडलंच नाही. ओहोटीला पायाखालचा खडूचा सपाट ओटा पिडॉकांच्या भोकांनी चाळण झालेला असतो. वर कड्याच्या कपारींत किटिवेक या समुद्रपक्ष्यांची वसाहत, आणि त्यांचा कलकलाट इतका की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. फुलमार हा दुसरा समुद्रपक्षी अंडी घालतो ती उघड्या फळीवर, आणि जवळ कुणी गेलं तर पोटातलं घाण वासाचं तेल नेम धरून थुंकतो. बहिरी ससाणाही तिथे घरटं करतो. कड्याच्या माथ्यावर मातीचा जेमतेम थर, पाणी खडूत झिरपून जातं, त्यामुळे तिथे गवत उंच होत नाही, आणि मेंढ्या ते आणखी आखूड ठेवतात. त्या आखूड गवतात हॉर्सशू व्हेच नावाची पिवळ्या फुलांची शेंगवर्गीय वनस्पती येते. ॲडोनिस ब्लू आणि चॉकहिल ब्लू या निळ्या फुलपाखरांच्या अळ्या तीच खातात, दुसरं काही चालत नाही. मेंढ्या हटवल्या की गवत वाढतं, व्हेच झाकोळते आणि फुलपाखरू जातं.

कडा पांढरा राहतो तो पडत राहतो म्हणून. जिथे बंदराच्या भिंतीमुळे लाटा पायथ्याला पोचत नाहीत, तिथे तो झुडपांनी झाकून जातो. १९९९ च्या जानेवारीत ससेक्समधल्याच १६२ मीटर उंचीच्या बीची हेड या कड्याचा केवढा तरी भाग कोसळला आणि ढिगारा दीपगृहापर्यंत गेला. याच किनाऱ्यावरच्या २०१६ च्या एका अभ्यासात असं निघालं, की हजारो वर्षं वर्षाला २ ते ६ सेंटीमीटर मागे सरणारे कडे गेल्या दीडशे वर्षांत २२ ते ३२ सेंटीमीटरने सरताहेत. पायथ्याची वाळू-गोटे कमी झाले की लाट थेट कड्यावर येते.

बातमीदाराचा चेहरा पडला होता, म्हणून मी त्याला दुसरी बातमी देऊ केली. डेन्मार्कमध्ये खडूचे शेवटचे थर साचत होते तेव्हा आपल्याकडे लमेटा नावाच्या खडकांचे थर साचत होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पिसदुऱ्याला डायनोसोर चरत होते. त्यांच्या अश्मीभूत शेणात गवताचे अवशेष मिळाले आणि २००५ मध्ये ते जगभर गाजलं, कारण डायनोसोरच्या काळात गवत होतं हे तोवर कुणी धरतच नव्हतं. डेन्मार्कच्या स्टेव्हन्स क्लिंट कड्यात खडू जिथे संपतो तिथे बोटभर काळसर चिकणमाती आहे, डायनोसोर संपल्याची ती रेघ, आणि सीताबर्डीच्या टेकडीचा ट्रॅप ज्या उद्रेकांतून आला ते त्याच सुमाराचे. "हे लिहा की," मी म्हटलं. त्याने वहीत काही लिहिलं नाही. कॅमेरा बॅगेत ठेवला आणि काकांना विचारलं, बंगला कितीला घेतला.

दगड विभागाला देणार का, असं मी काकांना विचारलं. पुन्हा फोन झाला. आजींनी अर्चिन द्यायला साफ नकार दिला, पण भोकांचा भाग न्यायचा असेल तर न्या म्हणाल्या. प्रयोगशाळेतल्या मामांनी बारीक करवतीने दगडाचे दोन भाग केले. खडू लाकडाहून सोपा कापला जातो. अर्चिन हळदकुंकवासकट काकांच्या पिशवीत गेला.

आमच्या भागाच्या लेबलवरून मात्र संध्याकाळपर्यंत वाद चालला. मी 'इंग्लंडचा दक्षिण किनारा' लिहिलं, तर त्याच विद्यार्थिनीने हरकत घेतली, की खाडीच्या पलीकडे नॉर्मंडीतही तोच खडू, तोच मायक्रॅस्टर आणि तोच पिडॉक आहे. बंगला इंग्रजांच्या काळातला म्हणून दगड इंग्लंडचा, हा पुरावा नव्हे. बरोबर होतं तिचं. रजिस्टरमध्ये ठिकाणाच्या रकान्यात आता लिहिलंय, 'इंग्लिश खाडी, कोणता काठ ते अनिश्चित. मिळाला सिव्हिल लाइन्स, नागपूर'.